रक्त गावात, बाई फडात, रिपोर्ट कुठे?

लिंबागणेश म्हटले की बाहेरच्या माणसाला भालचंद्र गणपतीचे देऊळ आठवते. आम्हाला आठवतात त्या दसरा-दिवाळीच्या सुमारास मांजरसुंब्याच्या दिशेने निघालेल्या ट्रक-ट्रॅक्टरच्या रांगा. वर भांडीकुंडी, पत्रे, शेळ्या, लेकरे, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात कुठेतरी पोट धरून बसलेली एखादी पाच महिन्यांची गरोदर बाई. बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात पाऊस कमी, जमीन हलकी. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो जातो आणि ज्याचा सातबारा पोट भरत नाही तोही जातो. बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी, गरीब मराठा, सगळ्यांच्या हातात कोयता एकच आहे. मात्र परत आल्यावर गावात कुणाची वस्ती कुठे आणि कुणाच्या वस्तीला पाणी कधी, हे जातच ठरवते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. गरोदरपणात यकृताचे, म्हणजे लिव्हरचे, जे जीवघेणे आजार होतात त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत होतात. आणि ऊस तोडणाऱ्या बाईचे शेवटचे तीन महिने बहुतेकदा परक्या जिल्ह्यातल्या फडात जातात. तिचे रक्त गावात तपासले जाते, तेही ती बरी असताना. ती आजारी पडते तेव्हा तपासणारे कुणी नसते, आणि असले तरी त्याच्याकडे तिचा जुना कागद नसतो. ही सोय कुणी जाणूनबुजून केलेली नाही, पण ती बदलायचीही कुणाला घाई नाही. या बेफिकिरीला जात आणि वर्ग आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

हिशोब करून पाहा. श्रावणात बाई तीन महिन्यांची असते. आशाताई तिची नोंद करतात, माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, आरोग्य केंद्रात रक्त घेतले जाते. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी. दसऱ्यानंतर पाचव्या महिन्यात ती निघते. सातवा लागतो तेव्हा ती सांगलीत, कोल्हापुरात, सोलापुरात नाहीतर बेळगाव-बागलकोटकडे असते. फेब्रुवारीत बाळंत होते, आणि कारखान्याचा पट्टा पडायला तेव्हा महिना-दोन महिने बाकी असतात. सरकारचाच नियम गरोदरपणात किमान चार तपासण्या सांगतो. त्यातली पहिली एखादी गावात होते, उरलेल्या उसात हरवतात.

वरच्या यादीत यकृताची तपासणी, जिला एलएफटी म्हणतात, ती नाही. प्रत्येक धडधाकट गरोदर बाईची एलएफटी करा असे कुठलेही शास्त्र सांगत नाही आणि आम्हीही ती मागणी करत नाही. ती लक्षण दिसल्यावर करायची असते, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. लक्षण दिसले हे ठरवणार कोण?

खाजेचेच घ्या. गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात काही बायांच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही. पित्तातली आम्ले रक्तात साचतात आणि अंगाला खाज सुटते. ही खाज बहुधा तळहात-तळपायांपासून सुरू होते, रात्री वाढते, आणि अंगावर पुरळ दिसत नाही. बाई खाजवून स्वतःला ओरबाडून घेते तेवढेच वळ. बाईला बाकी काहीच होत नसल्याने सगळे दुर्लक्ष करतात. धोका बाळाला असतो. रक्तातल्या पित्ताम्लांचे प्रमाण 100 मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर गेले तर बाळ पोटातच दगावण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते, म्हणून अशा वेळी डॉक्टर बाळंतपण काही आठवडे अलीकडे आणतात. या आजारात दिली जाणारी गोळी खाज थोडी कमी करते. बाळ वाचवण्याचा मुख्य उपाय म्हणजे आजार वेळेत ओळखणे आणि योग्य आठवड्यात बाळंतपण करणे.

आता ही बाई फडात आहे असे समजा. उसाच्या पानाला कूस असते. ती हाताला, मानेला, पोटाला टोचते. तोडणी करणारा प्रत्येक माणूस खाजवतच असतो. सातव्या महिन्यातली बाई म्हणाली की रातभर खाज सुटते, तर सासू म्हणणार, "कूस लागली असंल, खोबरेल लाव." मुकादमही तेच म्हणणार. तिलाही तेच वाटणार. कूस लागलेली खाज पोट, मान, दंड इथे जास्त आणि कामाच्या वेळी जास्त असते. यकृताची खाज तळव्यांना आणि रात्री जास्त असते. हा एवढा फरक आशाताईंच्या प्रशिक्षणात, मुकादमाच्या मोबाईलवर, कोप्यांच्या तळावर पोहोचवायला कुठले यंत्र लागत नाही. फडात पोटातले बाळ हलेनासे होऊन गेले तर आजही "वजन उचललं म्हणून गेलं" एवढेच निदान होते. मोळ्या उचलून उचलून बाईच्या अंगाची चाळण होते हे खरेच आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण प्रत्येक मृत्यूचे खापर मोळीवर फोडले की रक्त तपासायची गरजच उरत नाही, आणि बाईवर "तूच जपली नाहीस" हा आरोप कायमचा चिकटतो.

खाजेपेक्षा घातक गोष्ट म्हणजे "पित्त". आपल्याकडे छातीच्या खाली दुखले, मळमळले, डोके दुखले की पित्त झाले म्हणतात. मेडिकलवाला एक गोळी देतो, दहा रुपयांत काम भागते. पण गरोदर बाईला सहाव्या-सातव्या महिन्यानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात सतत दुखते, उलटी होते, डोके ठणकते, डोळ्यापुढे काजवे चमकतात, तेव्हा ते वाढलेल्या रक्तदाबामुळे यकृताला झालेले नुकसान असू शकते. त्याच्या गंभीर रूपाला डॉक्टर हेल्प सिंड्रोम म्हणतात. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि प्लेटलेट उतरतात. यावर औषधाने वेळ काढता येतो, पण आजार मुळातून थांबतो तो बाळंतपण झाल्यावरच. याच काळात होणारा आणखी एक दुर्मिळ पण भयंकर आजार म्हणजे यकृतात अचानक चरबी भरणे. त्यात नवव्या महिन्यात उलट्या सुरू होतात, बाई झपाट्याने मलूल होते, रक्तातली साखर घसरते, रक्त गोठेनासे होते. पहिल्या तीन महिन्यांतल्या उलट्या सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यातल्या उलट्याही "होतातच की" म्हणून सोडून दिल्या जातात. शेवटच्या महिन्यात नव्याने सुरू झालेल्या उलट्या ही दवाखाना गाठायची खूण आहे, आणि हे वाक्य तोडणीला निघालेल्या प्रत्येक टोळीत कुणाला तरी तोंडपाठ असले पाहिजे.

प्लेटलेटचा उल्लेख केला म्हणून एक साधी गोष्ट. जिथे मशीनवर सीबीसी होते तिथे हिमोग्लोबिनसोबत प्लेटलेटचा आकडाही त्याच रक्तातून, त्याच खर्चात निघतो. पण कार्डावर बहुतेकदा फक्त हिमोग्लोबिन लिहिले जाते. पहिल्या तपासणीत प्लेटलेट किती होत्या हे कार्डावर असेल, तर सातव्या महिन्यात सांगलीच्या डॉक्टरला त्या किती उतरल्या हे कळेल. लाखाच्या खाली गेलेला आकडा त्याला सावध करेल. त्यासाठी पेनातली चार अंकांपुरती शाई लागते.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण तपासणीच्या नावाखाली आमच्या लोकांची लूटही होते. गरोदरपणात रक्तात पाण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे अल्ब्युमिनचा आकडा खाली येतो. वार तयार करत असल्यामुळे अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे एन्झाइम शेवटच्या तीन महिन्यांत दुपटीपर्यंत किंवा त्याहून वर जाते. हे दोन्ही बदल निरोगी बाईत होतात. पण लॅबच्या कागदावर ते ठळक अक्षरांत, बाण दाखवून छापले जातात, कारण शेजारी छापलेली सामान्य पातळी गरोदर नसलेल्या माणसाची असते. तो बाण दाखवून "तुमचे लिव्हर खराब झाले आहे" असे सांगणारे आणि लिव्हर टॉनिकच्या बाटल्या विकणारे आम्ही पाहिले आहेत. एसजीपीटी आणि एसजीओटी हे दोन आकडे मात्र गरोदरपणात आपोआप वाढत नाहीत. ते वाढले असतील तर कारण शोधलेच पाहिजे. ज्या कुटुंबाने उचलीतून पैसे काढून तपासणी केली आहे त्याला एवढे तरी कळले पाहिजे. बाबासाहेबांनी शिका म्हटले त्यात लॅबचा रिपोर्ट वाचणेही आम्ही धरतो.

आता काविळीकडे येऊ. हिपॅटायटिस ई नावाची कावीळ दूषित पाण्यातून येते. पुरुषाला झाली तर तो दोन-तीन आठवडे अंथरूण धरतो आणि बहुधा बरा होतो. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला झाली तर शंभरात वीस-पंचवीसपर्यंत बाया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवले आहे. दिल्लीत 1955-56 मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीतही गरोदर बायांचे मृत्यू डोळ्यात भरण्याइतके होते. तो विषाणू ई होता हे कळायला पुढे तीन दशके जावी लागली. आपल्याकडे 2012 साली इचलकरंजीत पंचगंगेच्या दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, माणसे मेली. इचलकरंजी आम्ही मुद्दाम सांगतो. पंचगंगेचा तो पट्टा उसाचा पट्टा आहे, आमच्या भागातल्या टोळ्या ज्या शिवारांत उतरतात त्यातलाच. नळाचे पाणी पिणाऱ्या शहराची ही गत झाली, तर ओढ्याकाठी, कॅनॉलकाठी, विहिरीच्या कडेला कोपी टाकून राहणाऱ्या बाईने काय प्यायचे? उकळून प्या, असे पत्रक सांगते. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापून फडात जाणारी आणि अंधार पडल्यावर मोळ्या भरून परतणारी बाई दहा माणसांचे पाणी कशावर उकळणार, वाढ्यावर की पाचटावर?

20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तेव्हा प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता. आज फडावर आमच्या बाईला पाणी प्यायला कुणी अडवत नाही, पण जे पाणी तिला मिळते ते तिच्यासाठी आणि तिच्या पोटातल्या जिवासाठी विष असू शकते. साखर कारखान्याच्या अतिथीगृहात बाटलीबंद पाणी असते. त्याच कारखान्याला ऊस घालणाऱ्या टोळीच्या तळावर क्लोरीन टाकलेला एक टँकर रोज उभा करणे कारखान्याला परवडत नाही, यावर आम्ही विश्वास ठेवायचा का?

कावीळ झालीच, तर पुढचा मुक्काम बहुधा दवाखाना नसतोच. आमच्या भागात अजूनही कावीळ "उतरवली" जाते. बोवा हाताला काहीतरी चोळतो, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळेजर्द होते आणि सगळे समजतात की अंगातली कावीळ पाण्यात उतरली. आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग येतो. काविळ नसलेल्या माणसाचे हात धुतले तरी तो येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग वर्षानुवर्षे गावोगाव करून दाखवत आले आहेत. तसेच ती गळ्यातली माळ. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबते, आणि माळ पोटापर्यंत आली म्हणजे कावीळ गेली असे मानतात. हे लोकांना पटते त्याचे कारण बहुतेक काविळी आपोआप बऱ्या होतात आणि श्रेय बोवाला मिळते. गरोदर बाईच्या बाबतीत त्या माळेचे आठ-दहा दिवस म्हणजेच तिच्या जगण्या-मरण्याचे दिवस असतात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. काविळीचे नाव तिथे नाही. ते घालावे, निदान गरोदर बाईच्या काविळीचे तरी, असे आमचे मत आहे. आणि आमच्यातलेच जे लोक घरात बाबासाहेबांची तसबीर लावून काविळीला माळ घालतात, त्यांच्याशी आम्ही भांडणही करणार आहोत.

काविळीचा दुसरा प्रकार, हिपॅटायटिस बी, गुपचूप येतो. आईला कळतही नाही. पण तिच्या रक्तातून तो बाळंतपणाच्या वेळी बाळाला जातो, आणि जन्मताच लागण झालेल्या दहातल्या सुमारे नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. पुढे तरुणपणी किंवा चाळिशीत यकृत आकसते, कधी कॅन्सर होतो. हे जवळजवळ पूर्णपणे टाळता येते. आईची एचबीएसएजी तपासणी करायची, पॉझिटिव्ह असेल तर विषाणूचे प्रमाण पाहून तिला गोळी सुरू करायची, बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यायचे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 ला सुरू झाला आणि त्यात हे सगळे मोफत धरले आहे. 28 जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन, हिपॅटायटिस बी शोधणाऱ्या बारूक ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. आता हे सगळे कोपीत बाळंत झालेल्या बाईला लावा. तपासणी गावात झाली. रिपोर्ट यायच्या आत ती निघून गेली. बाळ कोपीत जन्मले. 24 तास केव्हाच उलटले.

त्या 28 जुलैचा आमच्या चळवळीशी जुना संबंध आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. 28 जुलै 1928 ला मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, पण ज्याला स्त्रीच्या श्रमाचा फायदा होतो त्या मालकालाही जबाबदारीतून मोकळे सोडता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना, 1943 मध्ये, त्यांनी खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती मांडली. प्रसूती लाभाच्या केंद्रीय कायद्यात लाभासाठी अट आहे ती आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केल्याची. ऊसतोड बाई एका हंगामात त्याच्या दुपटीजवळ जाते. तरी तिला काहीच मिळत नाही, कारण कारखाना म्हणतो हे मुकादमाचे मजूर, आणि मुकादम म्हणतो मी तर उचल वाटणारा मधला माणूस. जिच्या तोडलेल्या उसाची साखर पोत्यात भरली जाते, तिचा मालक कोण हे 1928 नंतर शंभर वर्षे होत आली तरी ठरलेले नाही. जोडीला एक कोयता मोजतात. गरोदर बाई खाली बसली तर कोयता अर्धा होतो, खाडा पडतो, दिवसाला पाचशे-हजार रुपये उचलीत चढतात. अशा बाईला "नियमित तपासणी करून घ्या" हा सल्ला देणे म्हणजे तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज चढवा असे सांगणे आहे.

आरोग्याची यंत्रणा या बाईपर्यंत पोहोचत नाही असे म्हणणाऱ्यांना आम्ही बीडचाच इतिहास दाखवतो. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्याच वर्षी आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे पिशवी काढायला भूल देणारा डॉक्टर, टेबल, रक्त, टाके, सगळे या बाईपर्यंत पोहोचते. आणखी मागे जा. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. सोनोग्राफीचे मशीन इथल्या खेड्यांपर्यंत केव्हाच पोहोचले होते आणि कशासाठी वापरले गेले हे त्या आकड्यात दिसते. आता शहरात आईच्या रक्तातूनच बाळाच्या गुणसूत्रांचे दोष तपासणारी महागडी चाचणी आली आहे. तिच्यातून मुलगा-मुलगीही कळू शकते, म्हणून गर्भलिंग निदानविरोधी कायद्याची नजर तिच्यावर असायलाच हवी. बाईच्या शरीरातून काही काढायचे असेल किंवा काही पाडायचे असेल तेव्हा तंत्रज्ञान इथे पळत येते. तिचे यकृत आणि तिचे बाळ राखायचे असेल तेव्हा मात्र अंतर, मनुष्यबळ, निधी यांची अडचण सांगितली जाते.

"बायाच येत नाहीत तपासणीला" हे आम्ही सगळ्यात जास्त वेळा ऐकलेले उत्तर. आशाताई आणि सिस्टर यांना आम्ही दोष देत नाही. त्या आमच्याच वस्तीतल्या आहेत, तुटपुंज्या मानधनावर राबतात आणि वरून आलेली रजिस्टरे भरतात. पण 2025 मध्ये आरोग्य विभागाच्याच तपासणीची आकडेवारी बातम्यांत आली, तिच्यात ऊस तोडायला गेलेल्यांत दीड हजारांवर गरोदर बाया होत्या. म्हणजे त्या कोण आहेत हे सरकारला माहीत आहे. कुठल्या गावच्या, कुठल्या मुकादमाच्या टोळीत हेही शोधून काढता येण्यासारखे आहे. नावानिशी माहीत असलेली गरोदर बाई दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर बेपत्ता कशी होते? उसाच्या गाडीचे वजन काट्यावर किलोपर्यंत नोंदवणाऱ्या कारखान्याला कुठल्या टोळीने किती टन घातला हे रोज संध्याकाळी कळते. त्याच टोळीत सातव्या महिन्याची बाई आहे हे कळायला अडचण काय आहे?

दुसरा आक्षेप चळवळीतलेच मित्र घेतात. त्यांच्या मते आधी ऊसतोडच बंद झाली पाहिजे, गावात काम मिळाले पाहिजे, जमीन मिळाली पाहिजे, बाकी सगळी मलमपट्टी आहे. जमिनीचा लढा आम्हीही लढतो आणि गायरानाच्या पट्ट्यांसाठी खेटे घालतो. पण यंदाच्या दसऱ्याला जी बाई पाचव्या महिन्यात ट्रॅक्टरवर चढणार आहे तिचे बाळ जमीनवाटपापर्यंत थांबणार नाही. बाबासाहेबांनी जातिअंताचे तत्त्वज्ञान मांडत असतानाच प्रसूती रजेच्या कलमांवर कायदेमंडळात वाद घातले, हे आम्ही आमच्या मित्रांना आठवण करून देतो.

म्हणून आमच्या मागण्या अगदी लहान आहेत, आणि लहान आहेत म्हणूनच त्या नाकारणाऱ्याला कारण सांगावे लागेल. लिंबागणेशसारख्या प्रत्येक आरोग्य केंद्रात टोळ्या निघण्याआधी गरोदर बायांचे रक्त घेतले जावे आणि रिपोर्ट बाई निघायच्या आत तिच्या कार्डावर, आकड्यांसह, लिहिला जावा. "नॉर्मल" असा शिक्का नको. हिपॅटायटिस बीचा निकाल आणि प्लेटलेटचा आकडा त्यात हवाच. मोबाईलवर मेसेज येतो हे उत्तर आम्हाला पुरेसे नाही, कारण तो मेसेज नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या फोनवर येतो आणि रिचार्ज संपलेला असतो. कारखाना ज्या हद्दीत आहे तिथल्या आरोग्य केंद्राला या बायांची यादी बीडमधूनच जावी. सातव्या आणि नवव्या महिन्यात तळावर जाऊन रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि हिमोग्लोबिन पाहिले जावे, आणि खाज, बरगडीखालचे दुखणे, उलटी, पिवळे डोळे हे चार प्रश्न विचारले जावेत. एकाचेही उत्तर हो आले तर त्याच दिवशी एलएफटीचे रक्त जावे आणि बाई गाडीने दवाखान्यात जावी. त्या दिवसाचा खाडा लावता येणार नाही असे मुकादमाच्या करारात लिहिलेले असावे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरलेले आहे. तो पैसा बुडालेल्या मजुरीसाठी आणि टँकरच्या पाण्यासाठी वापरायला कुठला नवा कायदा लागत नाही.

आमच्याकडून आम्ही एवढे करणार आहोत. महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. येत्या हंगामाआधीच्या प्रत्येक 9 तारखेला आमचे कार्यकर्ते आणि महिला मंडळाच्या भगिनी वस्त्यांवरून गरोदर बायांना सोबत घेऊन येतील, आणि कार्डावर आकडा लिहून मिळेपर्यंत बाकावरून उठणार नाहीत. ज्यांच्या कार्डाचा तो रकाना रिकामा राहील त्यांच्या संमतीने, नाव झाकून, त्या कार्डांच्या प्रती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या जातील. टोळ्या निघताना प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवर चार ओळींचा कागद चिकटवला जाईल: रात्रीची खाज, बरगडीखालची कळ, शेवटच्या महिन्यातली उलटी, पिवळे डोळे. खाली 108 आणि 102 हे दोन नंबर. मुकादमांना आम्ही हे आधीच सांगून ठेवत आहोत, म्हणजे फळी पुसताना कुणी आम्हाला विचारले नव्हते असे म्हणायला नको.